आधी माल गेला, मग कागद आले: इंदूरच्या एका शोरूमचं प्रकरण

पार्श्वभूमी

राजवाड्याकडून एम. जी. रोडने निघालं की तयार कपड्यांच्या शोरूमची रांग लागते. त्यांतल्या एका दुकानाचं हे प्रकरण. देशभर शाखा असलेली कंपनी, दोन मजले, खाली लेडीज-किड्स आणि वर जेंट्स. काळ २०२४ चा पावसाळा ते दिवाळीनंतरचे काही आठवडे. कंपनीचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पगाराचे आकडे हिशोब डोक्यात बसावा म्हणून सरळ धरले आहेत.

दुकानात २३ माणसं होती. १४ कंपनीच्या पगारपटावर, ९ मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची. अंगावर टी-शर्ट एकच, फक्त ओळखपत्राच्या दोरीचा रंग वेगळा. गिऱ्हाइकाला तो फरक कधी कळला नाही, आणि सणासुदीच्या धबडग्यात काम करणाऱ्यांनाही त्याचा विसर पडायचा.

माझ्याकडे आले ते तिघं मराठी. स्टॉकरूम सांभाळणारे काका, २०१३ पासूनचे. बिलिंग काउंटरवरच्या ताई. आणि लेडीज सेक्शनमधली एक मुलगी, नोव्हेंबर २०१९ ला लागलेली. मी इंदूरात पीएफ, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), ग्रॅच्युइटीचं कागदकाम करतो. माझी फी बहुतेक वेळा मालकच देतात, हे आधीच सांगितलेलं बरं. मी काही कामगार चळवळीतला माणूस नाही. ताईंच्या यजमानांच्या छोट्या दुकानाचे रिटर्न माझ्याकडे असतात, त्या ओळखीने ते आले.

माल काय सांगत होता

एका दुकानातला माल दुसऱ्या दुकानात जाणं ही या धंद्यात रोजची गोष्ट. जुलै-ऑगस्टचा सेल संपत आला की साइझचे सेट फुटलेले असतात. एकाच शर्टाचे स्मॉल आणि डबल एक्सेल उरतात, मधले संपतात. असे कट साइझ गोळा करून फॅक्टरी आउटलेटला पाठवतात, किंवा जिथे त्याच डिझाइनचे बाकीचे साइझ पडून आहेत तिथे. हेड ऑफिसच्या सिस्टिममधून पिकलिस्ट, म्हणजे काढायच्या मालाची यादी, येते, स्टॉकरूमवाला बारकोड मारत माल काढतो, कार्टन भरून सील लावतो, ट्रान्सफर नोट निघते, गाडी येते. यात घाबरण्यासारखं काही नसतं.

जुलैच्या शेवटी आलेली पिकलिस्ट पाहून मात्र काका थबकले. ती मीडियम आणि लार्जची होती. चालू डिझाइन, चालू साइझ, राखीच्या आठवड्यात डोळे मिटून विकलं जाणारं. काही कार्टन तर उघडलेलेही नव्हते, आले तसेच परत जायचे होते. आणि लिस्टच्या तळाशी एक बारीक सूचना होती: 'विथ हँगर'. एरवी माल घडी करून पॉलिबॅगमध्ये जातो आणि हँगर दुकानातच राहतात, कारण उद्या येणाऱ्या मालाला ते लागणार असतात. 'हँगर मागवतायत म्हणजे इथे टांगायला काही येणार नाही,' काकांनी त्याच दिवशी ताईंना सांगितलं.

ताईंच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. पहिल्या गाड्या भोपाळला गेल्या. राज्यातल्या राज्यात, एकाच जीएसटी नंबरवर, आपल्याच दुकानातून आपल्याच दुकानात माल जातो तेव्हा डिलिव्हरी चलान पुरतं, कर लागत नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गाड्या नागपूरकडे निघाल्या. राज्य बदललं की नोंदणी बदलते, आणि मग कंपनीने स्वतःच्याच दुकानाला पाठवलेल्या मालावरही टॅक्स इन्व्हॉइस काढून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लावावा लागतो. तो कर पुढे क्रेडिटमध्ये मिळतो हे खरं, पण तोवर पैसा अडकतोच. चार शर्ट इकडचे तिकडे करायला कोणी हा उपद्व्याप करत नाही. त्यासाठी वरून ठरवून केलेलं नियोजन लागतं.

बाकीच्या खुणा फुटकळ होत्या, पण एकीकडे बोट दाखवणाऱ्या. कॅरीबॅग मागवल्या तर अर्ध्याच आल्या. एसीच्या देखभालीचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. सोडून गेलेल्या दोन मुलांच्या जागा भरल्या नाहीत. जागेच्या मालकाचा माणूस टेप घेऊन वरचा मजला मोजून गेला. अशा भाडेकरारांत पहिली काही वर्षं लॉक-इनची, म्हणजे जागा सोडता न येण्याची, असतात आणि दर तीन वर्षांनी पंधराएक टक्के भाडं वाढायचं सर्रास ठरलेलं असतं. या दुकानाचं लॉक-इन संपल्याचं मॅनेजरच्या तोंडून कधीतरी निघून गेलं होतं.

उलट्या बाजूच्या खुणाही होत्या. दिवाळीच्या डिस्प्लेचे पोस्टर वेळेवर आले. एका मुलीला कस्टमर सर्व्हिसच्या ट्रेनिंगला पाठवलं. पण कंपनीत डिस्प्लेचं खातं वेगळं, जागांचं वेगळं, मालाचं वेगळं. एकाला दुसऱ्याचं ठाऊक असेलच असं नाही. कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं असं विचाराल तर माल बाहेर जाण्यापेक्षा माल आत येणं थांबणं मी जास्त मानतो. विकलेल्या पीसच्या जागी आपोआप नवा पीस येण्याची व्यवस्था या दुकानात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून बंद होती, आणि ती कोणीतरी बटण दाबूनच बंद करावी लागते.

अडचण

माणसांनी मॅनेजर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, 'सेंट्रलायझेशन चाललंय, नवीन सीझनचा माल एकदम येणार.' ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांनाही तेवढंच सांगितलं होतं. कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांत उघड्यावर तेच होते, कारण देखरेखीचं काम आणि दहा हजारांच्या वर पगार असलेला माणूस १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' धरला जात नव्हता. बाकीच्यांना जे संरक्षण होतं ते त्यांना नव्हतं.

उत्तर मिळालं नाही की अफवा ती जागा घेते. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाने 'दुकान बंद होतंय' असा आवाजी मेसेज मित्रांना पाठवला, तो फिरत फिरत नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपमध्ये गेला, आणि दोन दिवस क्रेडिट नोट व गिफ्ट व्हाउचर वटवायला काउंटरवर झुंबड उडाली. मुलाला कारणे दाखवा नोटीस निघाली. तेव्हापासून सगळ्यांनी तोंडं शिवली, आणि एकमेकांशी बोलायला हवं होतं नेमके ते पंधरा दिवस गप्प राहण्यात गेले.

राखी झाल्यावर क्षेत्रीय कार्यालयातून एचआरच्या बाई आल्या. मॅनेजरच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावून त्यांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला: 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.' त्याबदल्यात एक महिन्याचा पूर्ण पगार सानुग्रह मिळणार. सही शनिवार संध्याकाळपर्यंत. शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. जे सही करणार नाहीत त्यांची 'कंपनीच्या गरजेनुसार' बदली होईल, असंही बोलता बोलता सांगून झालं.

तोवर सगळ्यांना एकच भीती होती, दुकान बंद होईल. मला ती भीती चुकीच्या जागी लागलेली वाटली. दुकान बंद होणं यांच्या हातात नव्हतं आणि त्यासाठी कायद्यात ठरलेली भरपाई होती. हातात होती ती सही, आणि नुकसान तिथेच व्हायचं होतं. मालकाने कमी केलं तर ती कामगार कपात. माणसाने स्वतःहून सोडलं तर कपातीची भरपाई नाही. कागदावर 'वैयक्तिक कारण' आलं की पुढे हँगर, पिकलिस्ट, टेप घेऊन आलेला माणूस, कशालाही किंमत उरत नाही.

काकांचा हिशोब करून दाखवला तेव्हा खोलीतला सूर बदलला. बेसिक १३,०००, एकूण १७,०००, अकरा वर्षं पूर्ण. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, काढायला बेसिकला २६ ने भागून १५ ने गुणायचं: वर्षाला ७,५००, अकरा वर्षांचे ८२,५००. ती राजीनामा दिला तरी मिळणारच, त्यात कंपनीची मेहेरबानी काही नाही. कपात म्हणून गेले तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार १७,०००, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे ८,५०० गुणिले अकरा, ९३,५००. सानुग्रहाचे १७,००० आणि नोटिशीचे १७,००० एकमेकांत वळते झाले. त्या एका सहीची किंमत ९३,५०० रुपये होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सही करून मोकळं होण्याचा, आणि काकांचा कल तिकडेच होता. त्याचं कारण इंदूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांचे वडील हुकूमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. अनंत चतुर्दशीला मिलींच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात, मिली कधीच्या गेल्या. 'कोर्टात गेलेला पैसा नातवाला मिळतो. जे हातावर पडतंय ते घ्यावं,' काका म्हणाले.

हा अनुभव खोटा नाही, पण तो इथे लागू पडत नव्हता. मिल अवसायनात गेली होती, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली होती. विकायला फक्त जमीन, तिच्यावर बँकांचा आणि सरकारचा दावा, आणि रांगेत कामगार. इथे कंपनी चालू होती, नागपूरला, भोपाळला आणि इंदूरातच विजय नगरला तिची दुकानं होती, आणि दर महिन्याला तिला पीएफचं चलान भरावं लागत होतं. बुडीत माणसाकडून येणं वसूल करणं वेगळं आणि चालत्या धंद्याकडून वेगळं. हे पटायला काकांना दोन बैठका लागल्या. पटवून दिलं ताईंनी, मी नाही.

दुसरा पर्याय बदली घेण्याचा. नियुक्तीपत्रात 'भारतात कुठेही' हे कलम होतंच. १७ हजारांत नागपूरला खोली घेऊन राहायचं आणि इथलं घर चालवायचं, हे गणित एकट्या पोराला जमेल, कुटुंबवाल्याला नाही.

तिसरा, बदलीला सरळ नकार. हा सगळ्यांत मोहाचा आणि सगळ्यांत धोक्याचा. बदलीचं कलम असताना नकार दिला की कंपनी गैरहजेरी लावते, मग दोन पत्रं पाठवून 'काम सोडून गेले' असं नोंदवते. झालं, कपातही नाही आणि भरपाईही नाही.

चौथा पर्याय श्रम कार्यालयाचा. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय इंदूरातच आहे, तेही एम. जी. रोडवरच, मोती बंगल्यात. दुकानापासून रिक्षाने जाण्याइतकं. पण ऑगस्टमध्ये तक्रार कशाची करणार? कोणाला काढलं नव्हतं, दुकान उघडं होतं. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर बंद करण्याच्या ६० दिवस आधी सरकारला कळवावं लागतं, पण ती संख्या दुकानाची धरायची की सगळ्या कंपनीची यावरच वकील महिनोन् महिने भांडू शकतात. शिवाय कंपनीने सेल्सच्या सगळ्यांना 'फॅशन कन्सल्टंट' असं पद दिलेलं. निव्वळ विक्री करणारा माणूस कायद्याने कामगार ठरतो का, हा जुना वाद आहे. तो पदाच्या नावावर सुटत नाही, दिवसभर हात काय करतात यावर सुटतो. हे कन्सल्टंट माल लावत होते, घड्या घालत होते, बारकोड मारत होते, मोजणी करत होते. पण ते सिद्ध करायला कागद लागतो.

म्हणून आम्ही या सगळ्यांच्या मधला रस्ता धरला. राजीनामा द्यायचा नाही, बदली नाकारायची नाही, आणि दोन्हीबद्दल लेखी प्रश्न विचारायचे.

काय केलं

सगळ्यांत आधी कागद गोळा केले. नोकरी सुटली की कंपनीच्या अ‍ॅपचं लॉगिन बहुधा त्याच दिवशी बंद होतं आणि त्याबरोबर पगाराच्या स्लिपा, हजेरी, रजेचा हिशोब सगळं जातं. त्या आठवड्यात प्रत्येकाने नियुक्तीपत्र, शेवटच्या बारा महिन्यांच्या स्लिपा आणि हजेरी स्वतःकडे उतरवून घेतली. पीएफचं पासबुक यूएएन या पीएफच्या कायम नंबरावरून वेगळं निघतं, तेही काढलं.

तेवढ्यात एक उलगडलं. कंपनीच्या रोलवरच्या चौघांच्या पासबुकात २०१९ मध्ये काही महिने दुसऱ्याच मालकाच्या नावाने पैसे भरलेले होते. त्यांना मधल्या काळात एजन्सीकडे टाकून परत घेतलं होतं आणि त्यांना पत्ताही नव्हता. सेवा खंडित म्हणायला कंपनीला ती जागा झाली असती. चौघांकडे त्या महिन्यांच्या याच दुकानातल्या ड्युटी रोस्टरच्या प्रती निघाल्या म्हणून ते निभावलं.

दुसरं काम मालाचं. दुकान रिकामं होताना शेवटी मोजणी होते, शॉर्टेज निघतं आणि ते अंतिम हिशोबातून कापायला बघतात. पगारातून असं कापायचं तर माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असावा लागतो, नुकसान त्याच्या चुकीने झालेलं असावं लागतं, आणि त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. शॉर्टेज निघालं की सगळ्यांत सारखं वाटून टाकायचं, हा प्रकार कायद्यात बसत नाही. तरी होतो. काकांना सांगितलं की मोबाइलने चलानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, ते गोपनीयतेच्या कलमात अडकतं. दुकानाचं आउटवर्ड रजिस्टर आहे, त्यातच लिहा. ट्रान्सफर नोटचा नंबर, कार्टन नंबर, सील नंबर, नग, गाडी नंबर, आणि गाडीवाल्याची व मॅनेजरची सही. काका असंही लिहायचेच, फक्त सील नंबरचा रकाना नवीन आखला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपती बसायच्या तोंडावर, बदलीची पत्रं आली. नागपूरला सात दिवसांत रुजू व्हा. प्रत्येकाने स्वतंत्र उत्तर दिलं, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने. मूळ हिंदीत होतं, मराठीत त्याचा गाभा असा:

'आपलं बदलीचं पत्र मिळालं. मी बदली नाकारत नाही. नागपूरमधलं माझं पद, पगार, कामाचे तास, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय यांबद्दल पत्रात उल्लेख नाही, तो कळवावा. सध्याचं दुकान चालू राहणार आहे की बंद होणार आहे, हेही लेखी कळवावं. बंद होणार असल्यास इंदूरमधल्या आपल्या दुसऱ्या दुकानात माझी सोय होऊ शकते का, याचा विचार व्हावा. तोपर्यंत मी रोजच्या वेळेवर याच दुकानात कामाला हजर आहे.'

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. ते लिहायचं आणि पाळायचंही. त्या महिन्यात कोणी एक दिवस दांडी मारली नाही. ताईंनी तर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीही अर्धीच रजा घेतली आणि तीही मंजूर करून.

कंपनीकडून दहा दिवस उत्तर नाही. मग सहायक श्रमायुक्तांकडे अर्ज दिला. मागणी एकच: दुकान बंद होणार असेल तर कायदेशीर देणी देऊन करावं. कंपनीला नोटीस गेली. पहिल्या तारखेला कंपनीचा माणूस मुदत मागून गेला, आणि दुसऱ्या तारखेच्या आत क्षेत्रीय कार्यालयातून फोन आला की बसून बोलू. त्यांना दिवाळी डोक्यावर असताना वाद नको होता. आम्हालाही नको होता. ही गरज दोन्हीकडून होती म्हणून हे झालं. मार्च महिना असता तर इतक्या लवकर झालं नसतं असं मला वाटतं.

निकाल

दुकान नोव्हेंबरअखेर बंद झालं. कंपनीने जागा सोडली, पण इंदूर सोडलं नाही. विजय नगरचं दुकान वाढवलं. मॅनेजर धरून १४ जण कंपनीचे होते. मॅनेजर साहेब भोपाळला गेले. पाच जणांना विजय नगरला घेतलं, सेवा सलग धरून, तसं पत्रात लिहून. ताई त्यांत आहेत. एक पोरगा नागपूरला आनंदाने गेला, त्याची मावशी तिथे राहते. चौघांना कपात म्हणून नोटिशीचा पगार, भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळाली. काकांनी हेच मागितलं होतं, विजय नगरचा रोजचा प्रवास त्यांना नको होता. एकाला मधेच दुसरीकडे नोकरी लागली. दोघांनी आमच्या पहिल्या बैठकीच्या आधीच ऑगस्टमध्ये सही केली होती.

शॉर्टेजचा प्रश्न आलाच. ६१ पीस कमी, किंमत लाखाच्या वर. काकांच्या रजिस्टरवरून दोन कार्टनचा माग लागला. नागपूरसाठी सील केलेले, पण भोपाळच्या गाडीत चढले आणि भोपाळने ते कोणत्याच नावाने आत घेतले नव्हते. सील नंबर जुळले. उरलेल्या सात पीसचं कोणी नाव काढलं नाही.

ताईंच्या आईचे उपचार नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात चालू होते आणि नोकरी गेली तर ते थांबतील, ही त्यांची खरी काळजी होती. पगारापेक्षा मोठी. ती वेळ आली नाही. पण हिशोब कपात झालेल्यांच्या कामी आला: एप्रिल ते सप्टेंबर या ईएसआयच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. बेकारीच्या काळासाठी ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस मिळत होती. चौघांपैकी दोघांनी अर्ज केला. बाकीच्या दोघांना महिन्याच्या आत काम लागलं होतं.

एजन्सीच्या नऊ जणांसाठी काही झालं नाही म्हटलं तरी चालेल. शेवटचा पगार मिळाला, पीएफ त्यांचा होताच. तिघांना एजन्सीने दुसऱ्या ब्रँडकडे लावलं. बाकीच्यांना 'कळवतो' सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैच्या त्या पिकलिस्टपासून ऑगस्टच्या सह्यांपर्यंत तीनेक आठवडे होते. दुकान बंद होणार का, हा प्रश्न त्या काळात सगळ्यांनी एकमेकांना विचारला. बंद झालं तर मला काय मिळायला हवं, हा कोणीच विचारला नाही. पहिल्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, दुसऱ्याचं पगाराच्या स्लिपेत होतं. ऑडिओ मेसेज करणाऱ्या पोराला सगळ्यांनी नंतर बोल लावले, पण त्याने निदान तोंड उघडलं. फक्त चुकीच्या दिशेला.

एजन्सीच्या लोकांना पहिल्या बैठकीला बोलावलं नव्हतं. त्यांचा मालक वेगळा, त्यांचे कागद वेगळे, हे कायद्याने बरोबर. पण त्यांच्यातले काही जण पाच-सहा वर्षं याच दुकानात, याच मॅनेजरच्या हाताखाली होते. एजन्सीकडे ग्रॅच्युइटीचा दावा त्यांनाही करता आला असता आणि त्यासाठी लागणारे रोस्टर त्या आठवड्यात सहज मिळाले असते. नोव्हेंबरनंतर दुकानच नव्हतं, रोस्टर कुठून आणणार?

कंपनीच्या बाजूनेही बघायला हवं, कारण माझं बरंचसं काम तिकडचं आहे. जागा परवडत नाही म्हणून दुकान बंद करणं हा तिचा अधिकार, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. विजय नगरला माणसं लागणार हे त्यांना ऑगस्टमध्येही माहीत असणार. तेव्हाच पाच जागांची यादी लावली असती तर राजीनाम्याचे कागद, श्रम कार्यालयाच्या तारखा आणि सणाच्या तोंडावरचा संशय, तिन्ही वाचलं असतं. सानुग्रह देऊन वाचवायला निघाले ते पैसे शेवटी द्यावेच लागले. वर व्हाउचर वटवायला धावलेली गिऱ्हाइकं विजय नगरला किती गेली, हा वेगळाच प्रश्न.

हे प्रकरण जुन्या कायद्याखाली घडलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू आहेत. कपातीला एक महिन्याची नोटीस आणि वर्षामागे १५ दिवसांची भरपाई कायम आहे. कपात झालेल्या कामगारासाठी पुनःकौशल्य (नवं काम शिकण्याच्या) निधीत १५ दिवसांचा पगार मालकाने भरायचा आहे. नोकरी संपली की दोन कामकाजी दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे. देखरेखीवाल्यांची मर्यादा दहावरून अठरा हजारांवर गेली, नियुक्तीपत्र सगळ्यांना सक्तीचं झालं. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा असल्याने, बेसिक मुद्दाम बारीक ठेवलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी वाढते. राजीनामा दिलेल्याला कपातीची भरपाई नाही, हे मात्र जसंच्या तसं आहे.

राहिली लेडीज सेक्शनमधली मुलगी. ऑगस्टमध्ये सही केलेल्या दोघांतली एक तीच. माझ्याकडे आली तेव्हा कागद देऊन झाला होता, तो परत घेण्याचं पत्र आम्ही पाठवलं, पण कंपनीने आधीच स्वीकारल्याचं कळवलं. तिचं बेसिक ११,७००. पाच वर्षं नोव्हेंबरात पूर्ण झाली असती, तर वर्षाला ६,७५० प्रमाणे ३३,७५० रुपये ग्रॅच्युइटी झाली असती. कंपनी म्हणते पाच वर्षं भरली नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस पुरेसे धरलेले आहेत, आणि तिचे ते जुलैतच भरले होते, पण प्रत्येक कंपनी तो निर्णय आपल्याला लागू मानत नाही. नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायला ९० दिवसांची मुदत असते, सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. नव्या नोकरीत तिला आठवड्याची सुट्टी मंगळवारी आहे, त्या दिवशी कार्यालय उघडं असतं. अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे, सही तिची लागेल.